बनगरवाडीची तालीम

मराठी कथा-कादंबऱ्यांत शाळा पुष्कळ भेटतात. त्यांत छडी असते, फळा असतो, तपासणीला आलेले साहेब असतात, गणिताला घाबरणारा मुलगा असतो आणि साहेबांना त्याच्याहून अधिक घाबरणारा मास्तर असतो. परीक्षेचा निकाल तर हटकून असतो. नसते ते एवढेच, की त्या मुलाला हातपायही आहेत याची आठवण. मुलगा शाळेच्या उंबऱ्यातून शिरला की आमचा लेखक त्याला मानेपासून वर तेवढा आत घेतो. राहिलेला देह बाहेर वहाणांशेजारी काढून ठेवायचा, तो शाळा सुटल्यावर परत मिळतो. मग त्याने झाडावर चढावे, विहिरीत उडी घ्यावी, पतंगामागे धावावे. पण ते सारे शाळेबाहेर, आणि बहुधा मास्तरांच्या नकळत.

मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळेत शिकवतो, त्यामुळे या दोन्ही दुकानांची मागची बाजू मला थोडीफार ठाऊक आहे. म्हणूनच या विस्मरणाला जो एक मोठा अपवाद आहे, त्याविषयी लिहावेसे वाटते. तो अपवाद म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’.

१९५५ साली प्रसिद्ध झालेली ही छोटीशी कादंबरी बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. निदान अमोल पालेकरांनी १९९५ साली तिच्यावर केलेला चित्रपट तरी पाहिलेला असेल. औंध संस्थानातली मेंढपाळ धनगरांची एक उजाड वाडी. तिथे राजाराम सौंदणीकर नावाचा कोवळा मास्तर नेमणुकीवर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे गेलेली. हळूहळू मास्तर वाडीचा होतो. कोणाचे पत्र लिहितो, कोणाचे भांडण मिटवतो. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. या कादंबरीविषयी बोलताना समीक्षक कारभाऱ्याविषयी बोलतात, अंजीविषयी बोलतात, माणदेशी माळाच्या वर्णनाविषयी बोलतात, दुष्काळाविषयी तर बोलतातच. हे सगळे योग्यच आहे. परंतु कथानकाच्या मध्यावर उभी असलेली एक वास्तू जवळजवळ सर्वांच्या नजरेतून निसटते. ती म्हणजे तालीम.

मास्तरच्या मनात येते की वाडीत एक तालीम हवी. वाडी आधी बुचकळ्यात पडते, मग कामाला लागते, आणि गावाच्या हातांनी ती इमारत उभी राहते. उद्घाटनाला साक्षात औंधचे राजेसाहेब येतात. वाडीच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस.

आता एक शंका कोणाही जाणत्या वाचकाच्या मनात यायला हवी. जी पोरे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मेंढरांमागे कोसच्या कोस तुडवतात, त्यांना तालीम कशाला? व्यायाम हवा तो शहरातल्या कारकुनाच्या मुलाला. धनगराच्या पोराला दंड-बैठका घालायला लावणे म्हणजे कोळ्याला पोहण्याचा क्लास लावण्यासारखे नव्हे काय?

मला वाटते, या शंकेचे उत्तर कादंबरीतच आहे, आणि ते तालमीच्या प्रसंगात नाही. शेकूची बायको बैलाच्या जागी स्वतःला औताला जुंपून घेते, तो प्रसंग आठवावा. शरीर तिथेही राबते आहे, घाम तिथेही गळतो आहे. पण ते शरीर तिचे नाही. त्या वेळेपुरते ते औताचे आहे. कष्ट आणि व्यायाम यांतला फरक इतक्या थोडक्या शब्दांत मराठीत दुसऱ्या कोणी दाखवला असेल असे मला वाटत नाही. कष्टात शरीर कामाच्या मापाने वाकते. ओझे वाहणाऱ्याचा एक खांदा उतरतो, भात लावणाऱ्याची कंबर धरते, आणि आजकाल दप्तर वाहणाऱ्या मुलाची पाठ पुढे येते. तालमीच्या हौद्यात माणूस उतरतो तेव्हा समोर मेंढरू नसते, नांगर नसतो, मालक नसतो. तासभर का होईना, शरीर ज्याचे त्याला परत मिळते. मास्तरला तालीम सुचली, ती ही गरज त्याला शब्दांत सांगता आली असती म्हणून नव्हे; तो नुकता पोरवयातून बाहेर आला होता म्हणून. मोठ्या वयाच्या मास्तरला बहुधा धर्मशाळा सुचली असती.

राजेसाहेब उद्घाटनाला येतात, ही गोष्टही निव्वळ सजावट नव्हे. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे खरेखुरे गृहस्थ होते. १८६८ साली जन्मले, १९५१ साली वारले. चित्रकलेचे भोक्ते, कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचे तर इतके कट्टर पुरस्कर्ते की त्यांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. आज आपण बारा स्थिती मोजतो, त्यांच्या पद्धतीत दहा होत्या. म्हणूनच १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे जे इंग्रजी पुस्तक निघाले त्याच्या नावातच दहा हा आकडा आला. सक्ती मला स्वभावतःच आवडत नाही. तरीही या सक्तीत एक गोष्ट अशी होती, की तिच्यापुढे टीका थोडी मवाळ करावी लागते: राजा स्वतः रोज नमस्कार घालीत असे. उतारवयातही घालीत असे. परिपत्रक काढणाऱ्याचे अंग परिपत्रकाबरोबर घामाने भिजत होते. आज २१ जूनचा योगदिन, रथसप्तमीचे सामूहिक सूर्यनमस्कार, त्यांची छायाचित्रे काढून वेळेत वर पाठवण्याचा आदेश हे सारे शाळेत येते. आदेश देणारे साहेब स्वतः किती नमस्कार घालतात, हा प्रश्न मात्र विचारण्याची पद्धत नाही.

माडगूळकरांच्या कादंबरीविषयी माझी खरी तक्रार इथे सुरू होते. तालीम बांधताना आपण पाहतो. राजेसाहेबांच्या स्वागताची लगबग मनात राहते. पण पुस्तक मिटल्यावर डोळ्यांपुढे काय येत नाही, तर नंतरची एखादी साधी सकाळ. हौद्यातली माती कोणी खणली, कोणाला जोर जमेनात, कोण तिसऱ्या दिवसापासून यायचा थांबला आणि त्याला बोलवायला कोण गेले, हे नाही. सण आहे, वार नाही. एवढा बारीक डोळ्यांचा लेखक, मेंढराच्या लोकरीतले गोचीड ज्याच्या नजरेतून सुटायचे नाही, तोदेखील रोजच्या व्यायामाच्या दाराशी येऊन परत फिरतो.

कोणी म्हणेल, रोजरोजचे तेच ते लिहायचे कसे? कथेला घटना लागते. शंभर बैठका ही घटना नव्हे. हा बचाव मला पटत नाही. गवयाचा रियाज आम्ही किती भक्तिभावाने लिहितो! पहाटेचा अंधार, जुळवलेले तंबोरे, एकाच पलट्यावर महिना घालवणारा शिष्य, खाटेवरून कान देणारे उस्ताद. तेही तेच ते असते. मग पैलवानाची मेहनत तेवढी आम्हाला कंटाळवाणी का वाटते? माझा तर्क असा की, लिहिणाऱ्या वर्गाने गळा हा आपला अवयव मानला आणि मांड्या-पोटऱ्या दुसऱ्या कोणाच्या मानल्या. आमच्या विनोदी वाङ्मयात तालीमबाज हा ठरलेला मठ्ठ माणूस असतो, आणि कवायतीचे मास्तर हे कर्कश शिट्टीचे पात्र असते. बुद्धी एकीकडे आणि दंड एकीकडे अशी वाटणी करून आम्ही मोकळे झालो. वास्तविक याच भाषेत, बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. व्यायामावर दहा खंड लिहिणारी भाषा व्यायामावर दहा चांगल्या कथा लिहायला कचरते, हे नवलच म्हणायचे.

या वृत्तीमुळे आमच्याकडे खेळाडूही चरित्रातून एकदम पदक घेऊनच प्रकट होतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवतात. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमवली, कोल्हापूरच्या त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवले, हे आपण मुलांना आवर्जून सांगतो, आणि सांगावेच. पण सांगताना आपण पैशाची अडचण सांगतो, विजय सांगतो. मधली वर्षे गाळतो. ऐकणाऱ्या मुलाला वाटते की वर्गणी जमली की पदक मिळते.

या सगळ्यापासून वेगळे असे एक प्रकरण आठवते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’तले पोहण्याचे प्रकरण. कोकणातल्या पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या विहिरी, उड्या घेणारी मुले, आणि घरात लपून बसलेला श्याम. आई त्याला शोधून काढते, मारते, आणि पोहायला धाडते. श्याम शिकतो, घरी येतो तेव्हा पाठीवरचे वळ पाहून आईच रडते. व्यायामाचा उपदेश या प्रकरणात फारसा नाही. भित्रेपणाची लाज आहे, आईचे निष्ठुर प्रेम आहे. त्या मारण्याचे समर्थन आज कोणी करू नये. मीही करीत नाही. पण वाचकाने एक पाहावे. पाण्यात उतरायला भिणाऱ्या मुलाच्या पोटातली भीती, विहिरीच्या काठावरून खाली पाहताना होणारी अवस्था, आणि एकदा पाण्याने धरल्यावर भीतीचे निघून जाणे, हे सारे शरीराने लिहिलेले आहे. मराठीत मुलाच्या अंगात शिरून लिहिलेले असे पान विरळा. आणि पाहा, तेही शाळेतले नाही.

भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, हा मराठीतला सर्वांत चपळ विद्यार्थी. किडकिडीत अंगाचा, सायकल हाणणारा, पळत सुटला की कोणाच्या हाती न लागणारा. दिवाळीच्या सुट्टीत त्याची पुस्तके घरोघर वाचली जातात. वाचणारा मुलगा मात्र त्या वेळी चकलीचा डबा मांडीवर घेऊन चार तास एका जागी बसलेला असतो. यात भागवतांचा दोष नाही.

आता शाळेतल्या खऱ्या तासाकडे वळावे. वेळापत्रकात तो असतो. आठवड्यातून दोनदा असेल, तीनदा असेल, पस्तीस मिनिटांचा असेल. परीक्षा जवळ आली की प्रथम त्याचाच बळी जातो. गणिताचे किंवा विज्ञानाचे शिक्षक तो मागून घेतात आणि कोणा पालकाची तक्रार येत नाही. दहावीला या विषयाची श्रेणी मिळते, पण ती टक्केवारीत धरली जात नाही, आणि जे टक्केवारीत नाही ते घरात कोणी विचारीत नाही. कवायतीच्या शिक्षकांकडे प्रार्थनेच्या रांगा, उशिरा येणाऱ्यांना अडवणे, प्रजासत्ताकदिनाचे संचलन, निवडणुकीची कामे एवढे सगळे असते. मैदान असेल तर त्याच्या कडेला शिक्षकांची वाहने उभी असतात; लग्नसराईत तिथे मांडवही पडतो.

कायद्याचीही एक गंमत सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान सांगितले आहे, खेळाचे साहित्य सांगितले आहे. सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. मात्र शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर. म्हणजे बनगरवाडीच्या शाळेला आजच्या कायद्यानेही तो मिळण्याची शाश्वती नाही. तिथे पुन्हा एखाद्या सौंदणीकर मास्तरलाच ते सुचावे लागेल.

बरे, तास झाला, मैदानही मोकळे आहे, तर पुढे काय होते? माझ्यासारख्या गोष्टी लिहिणाऱ्याला इथे आपल्याच खोडीची छाया मैदानावर पडलेली दिसते. आम्हाला सामना आवडतो. शाळेलाही सामनाच आवडतो. खो-खोचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ च्या सुमारास या खेळाला नियमांची घडी बसली. खेळ अस्सल, वेगवान, बिनखर्चाचा. पण परंपरागत नियमांनी मैदानात पाठलागाचे नऊ आणि पळणारे तीन, असे बारा जण. त्या नवांतले आठ दर क्षणी पाटीत बसलेले. साठ मुलांच्या वर्गात अठ्ठेचाळीस जण कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. पस्तीस मिनिटांतली दहा रांगा लावण्यात गेली, पाच संघ पाडण्यात. उरलेल्या वेळात ज्याला आधीच पळता येते तोच पळतो. ज्याला पळण्याची सर्वांत अधिक गरज, तो गुण मोजायला बसतो. याउलट लंगडी, साखळी, विषामृत, डोंगर-पाणी या लहान खेळांत एकालाही उभे राहायची सोय नाही. पण त्यांना करंडक नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही, म्हणून पाचवीनंतर ते पोरकट ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटे, दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे. २०१६ पर्यंतच्या आकड्यांवरून जगातल्या शेकडो देशप्रदेशांतल्या नव्हे, तर मोजून १४६ देशांतल्या शाळकरी मुलांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा अकरा ते सतरा वयातली १०० पैकी ८१ मुले या मापात बसत नाहीत असे दिसले. त्यांतही मुलगे ७८ आणि मुली ८५. हे सात गुणांचे अंतर मला ८१ या आकड्याहून अधिक बोचते.

कारण बनगरवाडीच्या तालमीत अंजीला जागा नव्हती. कादंबरीत कोणाला तसा प्रश्नही पडत नाही, आणि त्या काळात तो पडणे कठीणच होते. पण म्हणून मुलींची अंगे स्वस्थ बसली होती असे मात्र नव्हे. मंगळागौरीची रात्र आठवून पाहा. झिम्मा, पिंगा, फुगडी, बसफुगडी, कोंबडा. पहाटेपर्यंत घरातली जमीन दणाणत असे. एक बसफुगडी पाच मिनिटे घालून पाहावी, म्हणजे तिला व्यायाम म्हणायचे की नाही हे पोटऱ्याच सांगतील. तोल, दम, ताल, जोडीदारणीच्या वजनाचा अंदाज हे सगळे त्यात होते. पण ते माजघरात होते आणि बायकांचे होते, म्हणून व्यायामाच्या वह्यांत त्याची नोंद झाली नाही. लोकगीते गोळा करणाऱ्यांनी त्यातले शब्द तेवढे उचलले. आता हेच खेळ स्पर्धेत आले आहेत: एकसारखी नऊवारी, ध्वनिक्षेपक, परीक्षक, आणि प्रत्येक गटाला ठरलेली मिनिटे. पाहायला छान वाटते. ज्या मुलींनी एरवी ते रोज खेळले असते, त्या समोर बसून मोबाइलवर त्याचे चित्रण करतात.

आमच्याकडे मैदानाच्या कडेला एक कडुनिंब आहे. सातवीपर्यंत मुली मैदानभर असतात. आठवीपासून त्या एकेक करून त्या झाडाखाली येतात. कोणाचे पोट दुखते, कोणाला ऊन सोसत नाही, कोणाला मुलगे बघतात म्हणून लाज वाटते, कोणाला घरूनच सांगितलेले असते. पळणाऱ्यांची घड्याळे आणि स्वेटर सांभाळणे हे त्यांचे काम ठरते. दोन वर्षांपूर्वी कवायतीच्या शिक्षिका म्हणून एक तरुण बाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात घड्याळे स्वतःच्या पिशवीत जमा करायला सुरुवात केली, मुलग्यांचा तास मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नेला, आणि साडी खोचून स्वतः लंगडी घालू लागल्या. पहिल्या दिवशी हसू आवरेना म्हणून कोणी उतरलेच नाही. मग अकरा जणी उतरल्या, मग वीस. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी झाडाखाली चौघी उरल्या होत्या, आणि त्या चौघींतली एक बाईंना विचारीत होती की उभ्याउभ्या फुगडी चालेल का.